सहा दिवस संगणकात पडून राहिलेला रिपोर्ट

स्पिरिटच्या बोळ्याचा वास आला की मला जंगलाकाठच्या त्या दवाखान्यातली माझी खुर्ची आठवते. रक्त तपासणीच्या चिठ्ठ्या संगणकात भरायचं काम माझं होतं. नॉर्मल रिपोर्टला एक कोड, बिघडलेल्याला दुसरा. संध्याकाळपर्यंत डोळ्यांची आग व्हायची. मोहफुलं वेचायच्या दिवसांत एका दुपारी एक म्हातारा खिडकीशी आला. त्याची सून सात महिन्यांची गरोदर होती, तिचा रिपोर्ट त्याला हवा होता. मी नाव शोधलं. हिमोग्लोबिन चार. पुढे बिघडल्याचा कोड अगदी बरोबर टाकलेला, सहा दिवसांपूर्वी, माझ्याच हातानं. "रिपोर्ट तर कधीच भरलाय, भाऊ," मी म्हटलं. "भरला, मंग आमाले काऊन नाई सांगतलं, बाई? पोरगी तं उठूनबी नाई राह्यली." नर्सबाई सांगतील असं मी धरून चालले होते, आणि नर्सबाईंना वाटलं होतं, संगणकात आहे म्हणजे डॉक्टरांनी पाहिलं असेल. मी धावत डॉक्टरांकडे गेले. लगेच गाडी निघाली, तिला गडचिरोलीला नेऊन रक्त दिलं. ती वाचली, पोटातलं मूल वाचलं नाही. त्याचाही एक कोड असतो; पुढच्या आठवड्यात तोही मीच भरला. आता या कामात मी जुनी झाले आहे. रिपोर्ट बिघडलेला दिसला की कोड टाकण्याआधी गावात फोन लावते. बहुतेकदा रेंज नसते. मग पुन्हा लावते.