वाळूत थांबायचं नसतं

आमचे आबा भित्रे होते. मिलिटरीतून सुटून आलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात, पण मी त्यांची मुलगी आहे, मला तेवढा हक्क आहे. पालीला ते भ्यायचे. वीज कडाडली की घोंगडं डोक्यावरून ओढून घ्यायचे. आईला तर सगळ्यात जास्त भ्यायचे. पण त्यांची खरी भीती वाळूची होती आणि तिची चेष्टा मी कधी केली नाही.

कराडजवळच्या आमच्या गावात त्यांना मानसिंग डायव्हर म्हणत. एकाहत्तरच्या लढाईत ते राजस्थानकडे गाडीवर होते. तिथे एकदा गाडी वाळूत रुतली. सोबतीला जोतीराम म्हणून आपल्याच भागातला गडी होता. दोघं चाकाखालची वाळू हातानं उपसत असताना वरून विमान आलं. आबा उठून पळाले. जोतीराम उपसतच राहिला. आबा परत आले तेव्हा गाडीही नव्हती आणि जोतीरामही नव्हता. हे त्यांनी आयुष्यात एकदाच आईला सांगितलं आणि आईनं मला.

गावी आल्यावर ते हंबीररावांच्या जीपवर डायव्हर म्हणून लागले. हंबीरराव आमच्याकडचे मोठे ऊसवाले. ती जीपही मिलिटरीचीच, लिलावात घेतलेली, चारही चाकांना जोर मिळणारी. नदीपात्रात उतरायची वेळ आली की आबा आधी जीप काठावर उभी करायचे, चपला काढून वाळूत चालत जायचे, टाच दाबून बघायचे, मूठभर वाळू उचलून हुंगायचे. काठावरची माणसं हसायची. "मिलिटरी आली रं, वाळूला सलाम ठोकतीया!" आबा तरी टाच दाबतच राहायचे. जीपवर बसायला येणाऱ्या प्रत्येकाला मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकवायचे. "वाळूत थांबायचं न्हाई. बिरेक मारायचा न्हाई. वाळूत थांबला त्यो ऱ्हायला."

मी पहिलटकरीण होते, तेव्हाची गोष्ट. मला आटपाडीला दिलेलं, आमचे हे तिथे शाळेत मास्तर. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्यात न्यायला यायचं ठरलेलं. पण मला मलेरियाचा ताप आला, तो हटेना, आणि बघता बघता आठवा लागला. आठव्यात पोटुशीला नदी ओलांडू देत नाहीत. आई तर या बाबतीत फार कडक. पण घरी न्यायचं तर होतंच. शेवटी हंबीररावांकडून जीप मागून आई आणि आबा दोघंही आले.

निघताना आबांनी रस्त्याचा विचार फार केला. मोठ्या रस्त्यानं पूल होता, पण त्या पावसाळ्यात तो रस्ता इतका उखडला होता की धडधाकट माणसाची हाडं खिळखिळी व्हावीत. माझ्या पोटाला दणके बसतील म्हणून आबांनी आडवाट धरली. तिकडे येरळा नदी पात्रातूनच ओलांडावी लागायची. वाळू वाईट की दणके वाईट, यात त्यांनी दणक्यांना जास्त भ्यायचं ठरवलं. आईनं माझ्याखाली दुहेरी वाकळ घातली होती, जुन्या लुगड्यांची, तिनं स्वतः शिवलेली.

दुपार कलली होती. आमच्या डोक्यावर कडक ऊन होतं, पण वर खटावाकडे, नदी येते तिकडे, आभाळ काळं झालेलं दिसत होतं. येरळेचं पात्र म्हणजे नुसती वाळू. मधून घोटाभर पाण्याची एक धार, आणि धारेपलीकडे पुन्हा वाळू. आबा नेहमीसारखे चालत जाऊन आले. म्हणाले, "जाईल. पन मधी कुनी बोलायचं न्हाई."

जीप वाळूत घातली. इंजिन कण्हत होतं, आबांच्या मानेवरून घाम ओघळत होता. धार जवळ आली तसं आई म्हणाली, "आवं, थांबवा."

"खुळी हायस का? वाळूत थांबत न्हाईत."

"आठव्यातली पोर हाय. नदीची ओटी भरल्याबिगर पल्याड न्यायची न्हाई मी. काय वाईटवंगाळ झालं तर तुमी भराल व्हय?"

कृष्णाकाठच्या बायका नवं पाणी ओलांडताना खण-नारळ वाहिल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. आईनं ओटीचं सामान पदराखाली धरलंच होतं. आबांनी एकदा वाळूकडे बघितलं, एकदा आईकडे. "काय वाईटवंगाळ झालं तर" हे शब्द त्यांना लागले असावेत. त्यांनी जीप थांबवली. थांबल्याबरोबर ती जराशी खाली बसली. मला पोटात कळलं ते.

आई उतरून धारेशी उकिडवी बसली. हळदकुंकू वाहिलं, खण, तांदूळ, नारळ सोडला. आणि तशीच बसून राहिली. मी हाक मारली तर वळेना. मग म्हणाली, "आवं, पानी गढूळ झालंय."

आबांनी वाकून बघितलं. मघाचं नितळ पाणी चहासारखं झालं होतं. वर फेस, पालापाचोळा, शेळ्यांच्या लेंड्या तरंगत येत होत्या. वर कुठेतरी मोठा पाऊस झाला होता आणि नदी खाली निघाली होती.

आबा जीपवर चढले. चाकं फिरली, वाळू मागे उडाली आणि मागची चाकं आणखी खाली गेली. त्यांनी इंजिन बंद केलं. ते मागे काठाकडे असे बघू लागले की मला वाटलं, आता हे पळणार. खरंच वाटलं तसं. बाप पळेल अशी भीती वाटणं किती वाईट असतं, ते मला तेव्हा कळलं.

ते पळाले नाहीत. बाभळीचा काटा व्हॉल्व्हात दाबून त्यांनी एकेका चाकाची हवा सोडायला घेतली. मऊ पडलेलं चाक वाळूवर पसरतं. मग मांजरासारखी हातानं वाळू उकरू लागले. "वाकळ दे!" आईनं वाकळ ओढली, ती मागच्या चाकांपुढे घातली. पुढच्या चाकांना काही उरलं नाही. आईनं गाठोडं सोडलं, माझ्यासाठी आणलेलं कोरं हिरवं लुगडं काढलं, आणि फाडून दोन्ही चाकांखाली कोंबलं.

"पोरीला घिऊन चालत व्हा पुढं. काठ गाठा," आबा म्हणाले.

आई मला धरून धारेत उतरली. मघाशी घोटाला असलेलं पाणी आता पोटरीला लागत होतं. पलीकडच्या वाळूत पाय रुतायचा, उपसायचा, पुन्हा रुतायचा. थोडं चालले आणि पोटात अशी कळ आली की मी मटकन खाली बसले. उठताच येईना. आई ओढत होती, रडत होती, मला शिव्या देत होती. दूरवर कुणी खडीची गाडी ओतावी तसा आवाज येऊ लागला. मी मरणार हे मला स्पष्ट कळलं. पोटातलं बाळ तर अजून कुणी बघितलंही नव्हतं. मी दोन्ही हात पोटावर घट्ट धरले.

मागे इंजिन ओरडलं. जीप वाकळेवरून, लुगड्यावरून वर आली, धार फोडत आमच्याकडे निघाली. मला वाटलं, सुटलो. आता आबा येतील, थांबतील, उचलून आत घेतील.

"थांबनार न्हाई!" आबा मला ओरडून म्हणाले. "चढ, माले! मी थांबनार न्हाई!"

आईनं मला काखेत हात घालून उभं केलं. जीप माणूस चालेल इतक्या वेगानं आमच्या बाजूला आली आणि तशीच पुढे जाऊ लागली. आबा माझ्याकडे बघत नव्हते. समोर काठाकडे बघत होते आणि ढसाढसा रडत होते. मी जीपचा लोखंडी दांडा धरला. पाय ओढला गेला. आईनं मागून ढकललं, मी पोटावर न पडता कशीबशी कुशीवर आत पडले. आई मागे लटकली, मागे टांगलेल्या जादा चाकाला धरून फरफटत आली. आबा थांबले नाहीत.

काठ चढून कडक जमीन लागली तेव्हाच त्यांनी ब्रेक दाबला. मी उठून मागे बघितलं. मी बसले होते ती जागा गेली होती. तिथून तांबडं पाणी आणि मोडलेली झाडं चालली होती. आबांचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. आईनं एकेक बोट सोडवलं.

मुलगी झाली, सुखरूप. त्यानंतर घरात त्या दिवसावरून कायमचं भांडण लागलं. आई म्हणायची, ओटी भरायला बसले म्हणून पाणी दिसलं. आबा म्हणायचे, बसली नसतीस तर बघायची गरजच न्हवती. आई म्हणायची, खण-नारळावर भागलं न्हाई नदीचं, लुगडंबी घेतलं. यात कोण बरोबर ते मला आजही सांगता येत नाही.

माझ्या मनात मात्र दुसरंच काही सलत होतं. ते विचारायला मला धीर झाला तो आबा अंथरुणाला खिळले तेव्हा. आई देवाला गेली होती. मी त्यांचे पाय चेपत होते.

"आबा, त्या दिवशी मी चढले नसते तर?"

त्यांनी पाय ओढून घेतला.

"थांबलो असतो," ते म्हणाले. "समदी बुडालो असतो, म्हाईत हुतं मला. तरी थांबलो असतो. म्हनून तर रडत हुतो गं."