कुलरच्या वायरीला हाराची गाठ

उन्हाळ्यात कुलर बाहेर काढला की ती घटना मला आजही आठवते. मी तेव्हा अकोट भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. फुलशेती करणाऱ्या घरातली सासू भर दुपारी कुलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून गेली. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. दुसऱ्याच दिवशी निनावी फोन आला. “सासू-सुनेचं पटत नव्हतं, सायेब. वायर सुनेनंच सोलून ठेवली.”

पंचनाम्यात वायरीचा जोड जप्त केला होता. उंदरानं कुरतडलेल्या तारा कुणीतरी पिळून, त्यांवर प्लास्टिकच्या पिशवीची पट्टी गुंडाळून दोऱ्यानं बांधल्या होत्या. पट्टी सरकली, उघडी तार पत्र्याला टेकली आणि कुलरमध्ये करंट उतरला.

सुनेला बोलावलं. सातवा महिना. मी तेच ते विचारत राहिलो, जरा दरडावूनच. “मी नाई केलं, सायेब.” मग कोणी केलं, म्हटलं की मान खाली. गप्प बसणारा काहीतरी लपवतोच, हा माझा नोकरीतला पक्का समज. मी अटकेचे कागद तयार करायला सांगितले.

आमची महिला हवालदार फुलं विकणाऱ्या घरातली. जोड पाहून ती म्हणाली, “सायेब, हे तं हाराची गाठ हाये. अन् डाव्या हातानं मारली.”

सुनेला ठाण्यातच झेंडूचा हार बांधायला लावला. तिची गाठ उजवीकडे वळत होती. त्यांच्या देवघरात सासूनं बांधलेला हार सुकत होता, त्यातली प्रत्येक गाठ डावीकडे. आई डावखुरी होती, असं मुलानंही सांगितलं.

“मग हे आधी काहून नाही बोलली, बाई?” मी सुनेला विचारलं.

“बोलली असती तं लोक म्हनले असते, मेलेल्यावर ढकलते. अन् सासूबाईनं ते माह्यासाठीच जोडलं होतं. मले उकाडा सहन होत नव्हता.”

मला माझ्या दरडावण्याची लाज वाटली. गप्प बसणाऱ्यावर मी त्यानंतर कधी घाई केली नाही. आणि भेटेल त्याला सांगत आलो: मेन स्विच बंद केल्याशिवाय वायरीला हात लावू नका, दोन तारांचे जोड मागेपुढे घ्या म्हणजे ते एकमेकांना टेकणार नाहीत, त्यावर इन्सुलेशन टेपच लावा, आणि पाण्याजवळ जोड नकोच, सरळ नवी वायर टाका.

सुनेला घरी पाठवलं त्या संध्याकाळी मी घरी येऊन आधी माझा कुलर तपासला. वायरीला जोड होता, त्यावर दवाखान्यातली चिकटपट्टी. माझ्याच हातची. बायकोनं सकाळीच त्यात पाणी भरलं होतं.