वडिलांनी ठेवलेली करवत

वडील गेल्यावर वर्षभरानं मी त्यांची पेट्रोलवरची करवत मलकापुरात एका मिस्त्रींकडे नेली. लोकांची झाडं तोडून याच करवतीवर त्यांनी मला पदवीपर्यंत शिकवलं. ती निकामी झाली असेल, अशी धास्ती होती.

मिस्त्रींनी डोळे मिटून टाकीचा वास घेतला. "पेट्रोल साठलं की आत चिकटा धरतो. हितं थेंब न्हाई. लय निगुतीनं ठिवलीया."

नवं पेट्रोल घालून दोरी ओढताच करवत गरजली. अंगभर बाभळीचा भुसा घेऊन घरी येणारे वडील आठवले.

"सर, गावाकडं परत कवा?" करवत बंद करत मिस्त्रींनी विचारलं.

"दिवाळीला, बहुतेक."

"बहुतेक म्हंजे न्हाईच की!"

हसत त्यांनी टाकी रिकामी केली. करवत पुन्हा चालू केली आणि इंजिनात उरलेलं पेट्रोल जळून ती आपोआप थांबेपर्यंत हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "आता कवाबी या."