काका, काकू आणि पाण्याचा ड्रम

ज्या गोष्टीचा आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना संशय आला नाही, ती गोष्ट या जगात अजून तयार व्हायची होती. नव्वदीच्या दशकात आम्ही गोडादऱ्याच्या कामगार वस्तीत एकाच घराच्या दोन मजल्यांवर राहायचो. मी मराठी शाळेत मास्तर. काका खानदेशातले, कापडाच्या लूमच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करणारे. साडूने त्यांना एक छोटा ऑटोफोकस कॅमेरा दिला, आणि त्यांच्या संशयाला पुरावा मिळू लागला. दूधवाल्याचं माप, विजेचा मीटर, देवळाबाहेर काढलेल्या स्वतःच्या चपला, सगळ्यांचे फोटो निघत. पण खुद्द कॅमेराही संशयातून सुटला नव्हता. "मास्तर, नजर हाच लावतो, उजेड हाच मोजतो, रोलसुद्धा हाच फिरवतो. मग मी कशाला पाहिजे याला?" असं म्हणून ते त्याचं झाकण तीन-तीनदा चाचपून बघत. रोल धुवायला दिला की स्टुडिओच्या दारात ठाण मांडून बसत. "माझ्यासमोर धुवा," असा त्यांचा हट्ट. "काका, अजवाळुं लागशे तो फिल्म बगडी जशे!" गुजराती स्टुडिओवाला कळवळून सांगे. "उजेडाला भिणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही," काका मला बाहेर येऊन सांगत.

एका उन्हाळ्यात अंगणातल्या त्यांच्या ड्रममधलं पाणी रोज दोन हांडे कमी होऊ लागलं. काकांची दिवसपाळी, माझी शाळेला सुट्टी. त्यांनी कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला. "झाकण उचललं की दाबायचं. तोंड बघत बसू नका, ते फोटोत दिसेल."

दुपारी झाकण वाजलं. मी गॅलरीतून बटण दाबलं आणि मग तोंड बघितलं. काकू! शेजारच्या खोलीतल्या ओल्या बाळंतिणीच्या हांड्यात पाणी ओतत होत्या. तिचा नवरा कामावर, आणि नळ दोन गल्ल्या लांब. काकूंनी वर बघितलं. "भाऊ, त्यास्ले सांगू नका," एवढंच म्हणाल्या.

मी कसला सांगतोय! पण फोटो निघाला होता, आणि कॅमेऱ्याच्या मागच्या खिडकीतला फोटोंचा आकडा काका रोज वाचत. रोल संपेपर्यंतचे आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही. कॅमेरा गटारात पडला असं सांगावं, असंही एकदा मनात येऊन गेलं.

फोटो आले. काका माझ्यासमोरच एकेक बघत गेले आणि त्या फोटोपाशी थांबले. काकूंच्या हातातल्या बांगड्यासुद्धा मोजता येत होत्या.

"हललाय," ते म्हणाले आणि फोटो खिशात घातला. "मास्तर, तुमचा हात स्थिर नाही."

दुसऱ्या दिवशी अंगणात आणखी एक ड्रम आला. काका पहाटे उठून नळावरून दोन्ही ड्रम भरू लागले. काकू त्यांच्या चहात आलं जरा जास्त घालू लागल्या, आणि "आज चहात काय घातलंय?" असं काका रोज विचारू लागले.

पावसाळ्यानंतर ती बाळंतीण बाळाला घेऊन कडोदऱ्याला राहायला गेली. तरी काका पहाटे उठून दुसरा ड्रम भरतच होते. एकदा मी न राहवून विचारलं, "आता कशाला, काका?"

त्यांनी त्या रिकाम्या खोलीच्या कुलपाकडे बघितलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "रिकामा ठेवला तर कोणीतरी उचलून नेईल."