वरून धरलेली धार

आमच्या मंडळीतल्या प्रभुभोजनाची मला शिसारी यायची, हे आधीच सांगून टाकते. बायबलबाईने असं लिहू नये म्हणतात. पण आता मी कुणाची नोकर नाही.

धुळ्याला, पांझरा नदीच्या अलीकडे, आमचं मिशनचं कंपाउंड होतं. शाळा, दवाखाना, पाद्रीसाहेबांचा बंगला आणि मधोमध कौलारू देऊळ, म्हणजे आमचं चर्च. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे प्रभुभोजनाचा प्याला फिरायचा, सगळ्यांनी त्यालाच तोंड लावायचं. प्याला एकच, चांदीचा, साहेबांच्या देशाहून आलेला. ख्रिस्तात सगळे एक, असं तोंडाने म्हणायचं आणि सतरंजीवर बसायचं मात्र अशा बेताने, की प्याला आधी शाळेच्या मास्तरांच्या घरच्यांकडे जाईल, मग कंपाउंडरकडे, मग माझ्यासारख्या एकट्या बायकांकडे, आणि ज्यांचे आईबाप गावकुसाबाहेर राहिले त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी. हे कुणी ठरवलं नव्हतं. साहेबांना तर पत्ताच नव्हता. त्यांना आम्ही सगळे सारखेच काळे दिसायचो. प्याला शेवटी जायचा तो नानांकडे. नाना पेशाने गवंडी आणि मंडळीच्या पंचांतले सगळ्यात म्हातारे. देवळाच्या चारी भिंती त्यांच्या हातच्या. त्यांनी बांधलेल्या भिंतींच्या आत बसायला कुणाची हरकत नव्हती, त्यांच्यानंतर प्यायला होती.

मी मधे बसायचे आणि मनातल्या मनात या सगळ्यांची किळस करायचे. किळस करणारा माणूस स्वतःला फार स्वच्छ समजतो. मीही समजत होते.

मी मूळची फैजपूरकडची. वडिलांच्या केळीच्या बागा होत्या, दारात स्वतःची विहीर. सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं आणि दोन वर्षं माजघराच्या कोपऱ्यात काढल्यावर मी मिशनच्या मडमेबरोबर निघून आले. इथे अक्षर शिकले, बाप्तिस्मा घेतला आणि घरोघरी जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं काम पत्करलं. जात, सोवळं, विटाळ हे सगळं मी सोडलं आहे, असं मी शंभर घरांत सांगितलं असेल. सांगायला काय जातं?

दवाखान्याचे संडास साफ करायला एक म्हातारी होती. कंपाउंडाच्या मागच्या भिंतीला लागून तिची झोपडी. तिला सगळे 'ए म्हातारे' म्हणत. ती मात्र खानदेशी रीतीने सगळ्यांना तू म्हणायची, साहेबांनासुद्धा. चार वर्षं ती बाप्तिस्मा मागत होती. बायकांच्या सभेला दाराबाहेर, चपलांच्या जवळ बसायची. त्यापायी तिच्या जातपंचायतीने तिला वाळीत टाकलं होतं. मुलगा तोंड बघत नव्हता. आणि आमचे पंच दर वर्षी तिची परीक्षा घेऊन तिला नापास करत होते. दहा आज्ञा म्हण. म्हातारी सहावीच्या पुढे अडखळायची. मास्तर मान हलवायचे, पुढच्या वर्षी पाहू. स्वतः मास्तरांच्या बायकोला चारसुद्धा येत नव्हत्या, हे मला ठाऊक होतं. खरी गोष्ट एवढीच, की म्हातारीचा बाप्तिस्मा झाला की ती प्याल्याला तोंड लावणार. भीती तिच्या अज्ञानाची नव्हती, तिच्या ओठांची होती.

त्या साली हिवाळ्याच्या तोंडाला बाहेरगावचे एक उपदेशक आले. तीन दिवस त्यांनी एकच विषय लावून धरला : विश्वासणाऱ्याचा अधिकार. तुम्ही राजाची लेकरं, तुम्ही स्वतः याजक म्हणजे पुरोहित, साप-विंचू तुडवायची सत्ता तुमच्या पायाखाली. मंडळी डोलत होती. मास्तरांचं 'आमेन' सगळ्यात मोठं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण लोक जेवून तृप्त झाले.

शेवटच्या दिवशी म्हातारीने मला चपलांपाशी गाठलं. "बाई, हाऊ अधिकार बठ्ठास्ले शे का?"

"हो, सगळ्यांना," मी म्हणाले.

"तुले बी?"

"मलाही."

"मंग तूच दे ना माले बाप्तिस्मा. साहेबनी वाट कसाले देखानी?"

मी हसले आणि तिला समजावलं, तसं नसतं, रीत असते. 

पंधरा दिवसांनी साहेब तंबू घेऊन साक्रीकडच्या खेड्यांत दौऱ्यावर गेले आणि म्हातारी छातीच्या दुखण्याने पडली. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं की दोन दिवस निघाले तर पुष्कळ. मी आत गेले तर म्हातारीने माझा पदर धरला. "तुमना वावरमां माले जागा द्या. मना लोके माले हात लावाव नहीत." वावर म्हणजे शेत, आमच्या ख्रिस्ती कबरस्तानाला ती वावर म्हणायची. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तिच्या जातीने टाकलेली, आणि आमच्या नियमाप्रमाणे बाप्तिस्मा नसलेल्याला आमच्यात जागा नाही. मेल्यावर ती कुणाचीच नसणार होती. नगरपालिकेच्या गाडीवरून कुठेतरी टाकली गेली असती. मरणाची तिला भीती नव्हती, या गाडीची होती.

मी पंचांकडे गेले. मास्तर म्हणाले, साहेब आल्यावर. मी म्हटलं, तोवर ती राहणार नाही. मास्तर म्हणाले, प्रभूची इच्छा. प्रभूच्या इच्छेच्या नावावर आपली अनिच्छा खपवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. नाना त्या वेळी फागण्याला कामावर होते. कंपाउंडर नखं कातरत बसला होता, त्याने वरसुद्धा पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या घरचा तांब्या भरला आणि झोपडीत गेले. तिच्या मडक्यातलं पाणी घ्यावं असं मनातसुद्धा आलं नाही, हे आज लिहिताना लक्षात येतं. आत वास होता. आजाराचा, आणि तिच्या कामाचा. मी पदर नाकाला लावला, मग काढला. ती भिंतीला टेकून बसली होती. मी पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव घेतलं आणि पाणी ओतलं.

आता जे झालं ते नीट सांगते. आमच्या माहेरी खालच्या जातीचं कुणी पाणी मागायला आलं की ते वाढायचं काम माझं होतं. ओट्यावर उभं राहायचं आणि तांब्या उंच धरून धार सोडायची. खालचा माणूस ओंजळ तोंडाशी धरतो. धार ओंजळीत पडली पाहिजे, तांब्या हाताला लागता कामा नये, आणि शिंतोडा आपल्यावर उडता कामा नये. सात-आठ वर्षांची असताना मी यात इतकी तरबेज झाले होते, की आई शेजारणींना कौतुकाने सांगायची.

त्या सकाळी माझा उजवा हात आपोआप तसाच वर गेला. डावा हात तिच्या डोक्यावर ठेवायचा होता. तो ठेवायची रीत होती, माझ्याही डोक्यावर साहेबांनी ठेवला होता. तो उठलाच नाही. मी त्याला मनातून सांगत होते, आणि तो पदर घट्ट धरून बसला होता. मी हातभर उंचीवरून धार धरली.

आणि म्हातारीने ती धार ओळखली. सत्तर वर्षं तिने दुसरी धार पाहिलीच नव्हती. तिने डोकं मागे घेतलं, दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाशी धरली आणि ते पाणी ती प्यायली. थेंब सांडू दिला नाही. डोकं कोरडंच राहिलं.

"पानी गोड शे," ती म्हणाली. मग विचारलं, "झायं का बाई?"

"झालं, अक्का," मी म्हणाले. तिला अक्का मी तेव्हा पहिल्यांदा म्हटलं. माझीच मला लाज वाटली म्हणून.

मी बाहेर पडले ते मनाशी ठरवून, की दुपारी येईन आणि पुन्हा नीट करीन. दवाखान्यातल्या बायकांना वाचून दाखवायचं होतं. एकीने अडवलं, दुसरीने प्रश्न विचारला, आणि मीही थांबत राहिले. तीन वाजता गेले तेव्हा म्हातारी गेलेली होती.

शाळेच्या ओसरीवर पंच बसले. नाना फागण्याहून आले होते, पायाला अजून चुना होता. मी सांगितलं, सकाळी मी बाप्तिस्मा दिला आहे, कबर खणा. मास्तर लालबुंद झाले. "बाईमाणसाने बाप्तिस्मा? कुणी दिला तुम्हाला अधिकार?"

या प्रश्नाची मी वाटच पाहत होते. मी त्यांना असा काही उपदेश सुनावला, की त्या उपदेशकांना जमला नसता. तीन दिवस 'आमेन' कोण ओरडत होतं, असं विचारलं. राजाची लेकरं फक्त पगारदार असतात का, असं विचारलं. प्याल्याचं नावही काढलं, जे आजवर त्या ओसरीवर कुणी काढलं नव्हतं. कंपाउंडरने मान खाली घातली. माझा आवाज चढला होता आणि खरं सांगते, मला मजा येत होती. इतकी वर्षं पोटात साठलेली सगळी घाण मी त्यांच्या अंगावर टाकत होते आणि प्रत्येक शब्द खरा होता.

मास्तर तरीही हलेनात. तेव्हा नाना बोलले. त्यांचा आवाज हळू होता. त्यांना माझी बाजू घ्यायची होती, आणि त्यासाठी त्यांना एकच गोष्ट हवी होती.

"बाई, डोकावर हात ठेवा व्हता ना तुम्ही?"

"हो," मी म्हणाले.

"मंग बस. मी खड्डा खंदस." ते उठले आणि कुदळ आणायला गेले. सगळ्यात म्हाताऱ्या पंचाने शब्द दिल्यावर मास्तर चपला घालून घरी गेले.

म्हातारीला आमच्या कबरस्तानात जागा मिळाली. ती मी खोटं बोलून मिळवली. खोट्याचं मला तितकं वाईट वाटत नाही. त्याने एका बाईचं मरण सुधारलं. पण ज्या एका माणसाला त्या हाताची किंमत ठाऊक होती, त्यालाच मी फसवलं.

पुढे जे झालं ते आणखी किळसवाणं. साहेब दौऱ्यावरून आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि रविवारी मला उभं करून म्हणाले की या भगिनीने आपला अधिकार ओळखला. मास्तरांनीही नंतर जवळ येऊन अभिनंदन केलं. वारा फिरला की त्यांची पाठ फिरायची. मी मूग गिळून उभी राहिले. मग बायका पोरं घेऊन यायला लागल्या. बाई, तुमच्या हाताला गुण आहे, याच्या डोक्यावर ठेवा. मी ठेवू लागले. मुलं बरी व्हायची, जशी एरवीही होतात. जळगावाहून, पार वरणगावाहून माणसं आली. मला ते आवडायला लागलं. मी हिंदू भगताच्या अंगात येण्याची टिंगल करत हिंडले होते, आणि आता मंडळीने माझाच भगत केला होता.

बऱ्याच वर्षांनी, दुसरी मोठी लढाई संपता संपता, नाना आजारी पडले. ताप उतरत नव्हता. त्यांनी सुनेला पाठवून मला बोलावलं. सकाळची वेळ होती, दारातून ऊन त्यांच्या गोधडीवर आलं होतं. मी जवळ बसले. ते म्हणाले, "बाई, प्रार्थना करा. तुम्ही त्या म्हातारीना डोकावर ठेवा व्हता ना, तसाच हात ठेवा."

मी हात ठेवला. कपाळ तापलेलं होतं. मी डोळे मिटले, आणि प्रार्थनेचं पहिलं वाक्यसुद्धा मला सुचेना. इतक्या पोरांच्या डोक्यावर ठेवताना कधी असं झालं नव्हतं.

"नाना," मी म्हणाले, "मी तिच्या डोक्यावर हात ठेवला नव्हता. मी वरून धार धरली. ती ओंजळ करून प्यायली."

नानांनी डोळे उघडले.  मग त्यांनी गोधडीतून आपला हात बाहेर काढला, माझं मनगट धरलं, माझा हात आपल्या डोक्यावरून उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवून दिला.