किती वेढे?

धाकट्या जावेला बाळ झालंय. काल फोनवर तिने विचारलं, "ताई, आईंच्या बाळगुटीत कशाचे किती वेढे असायचे?" मी सहाण काढून जायफळ उगाळून पाहिलं, आणि त्या वासाने जर्मनीतल्या हायडेलबर्गमधली, मी तिथे विद्यापीठात नोकरीला असतानाची, दहा-बारा वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली.

कॅरिबियन बेटावरून आलेल्या एका लेखिकेचं विद्यापीठात व्याख्यान होतं. माझी मुलगी तान्ही, म्हणून सासूबाईही सोबत आल्या होत्या. "बायकांच्या हातातला इतिहास मी तीस वर्षं लिहून घेतेय. आधी सगळे हसायचे," लेखिका म्हणाली. तिच्या बेटावर जायफळ पिकतं. चहाच्या वेळी मुलीच्या बाळगुटी सांडलेल्या दुपट्याला येणारा जायफळाचा वास तिने लगेच ओळखला, बाळाला ते कसं देता असं विचारलं आणि वही उघडली.

सासूबाई बोटांवर मोजत सांगू लागल्या, "जायफळाचा एक वेढा, हळकुंडाचे दोन..." दुभाषी मी. मागे ऑफिसातले सहकारी उभे होते. मला उगीच लाज वाटली. "सगळं थोडं थोडं उगाळतात," मी इंग्रजीत आटपलं.

"अगं, एवढंच सांगितलंस?"

"अहो आई, त्यांना तेवढं पुरे."

लेखिकेने तेवढंच लिहिलं आणि खाली सासूबाईंचं पूर्ण नाव विचारून घातलं.

सासूबाई आता नाहीत. मला जायफळ आणि हळकुंडापुढचं काही आठवत नाही. आज जावेला फोन करून म्हटलं, "अगं, सगळं थोडं थोडं."