टेंपोभोवतीचं कोलम

‘एवढीच जागा घेते रे,’ असं म्हणत आक्का पदर कमरेला खोचून खाली वाकायची. तिचं ‘एवढीच’ दर आठवड्याला हातभर वाढायचं. तुमच्या गल्लीत अशी कुणी असेल तर सावध राहा.

तंजावूरच्या आमच्या गल्लीच्या टोकाला, जुन्या विहिरीजवळ थोडी मोकळी जागा आहे. सरकारी, म्हणजे कुणाचीच नाही. डोक्यावर भांडी वाहून मी शेजारीच ती लग्नकार्यांना भाड्यानं द्यायचं दुकान उभं केलं. माझा टेंपो तिथंच उभा राहायचा. उरलेल्या जागेत लोकांचा कचरा. आक्का चित्रकलेची निवृत्त शिक्षिका, आमच्यासारख्याच जुन्या मराठी घरातली. एका मार्गळीत, म्हणजे तमिळांच्या डिसेंबरातल्या पवित्र महिन्यात, पहाटे कचरा झाडून ती तिथं कोलम काढू लागली, तांदळाच्या पिठाची रांगोळी. आधी सोबत दोघी होत्या, मग दहा झाल्या.

मी भडकलो. एके दिवशी तिच्याआधी जाऊन टेंपो मधोमध लावला. आत पापनाशम गावच्या लग्नाला द्यायची भांडी.

उजाडल्यावर पाहतो तर टेंपोच्या चारी बाजूंनी कोलम. चाकांना खेटून.

‘काढ गाडी!’ मी ड्रायव्हरवर ओरडलो.

‘नाही अण्णा. मार्गळीचं कोलम. त्यावर चाक घालणार नाही. तुम्हीच चालवा.’

मलाही धीर होईना. लग्नघरून फोनावर फोन.

‘मी पुसते,’ आक्का म्हणाली, ‘पण उद्यापासून गाडी इथं नको.’

‘अर्धी जागा घे.’

‘अर्ध्यात कोलम बसत नाही.’

‘बरं, पाऊण!’

सगळ्या बायका हसल्या. आयुष्यभर घासाघीस केलेला माणूस मी. तिथं सगळी जागा सोडायचा शब्द देऊन बसलो.

मग गुडघ्यांवर बसून, ओल्या फडक्यानं तिनं चाकांपुरती वाट पुसली. मी दुसरीकडे पाहिलं.

पुढं संध्याकाळी तिथं खुर्च्या येऊ लागल्या. म्हातारे गप्पा मारत, मुलं खडूनं चित्रं काढत. माझा टेंपो मात्र लांब, कालव्यापाशी. प्रत्येक खोकं हमालाच्या डोक्यावरून येतं. तो राग अजून गेलेला नाही. आक्का दिसली की ऐकवायचो. ‘उद्या भांड. आज ठिपके मोजतेय,’ ती म्हणायची.

यंदा दिवाळीआधी आक्का गेली. मार्गळीत बायका जमल्या आणि ठिपक्यांवरून वाद घालत बसल्या. तेवढ्यात एकानं मोकळा कोपरा बघून मोटारसायकल लावली.

‘उचल ती!’ मी दुकानातून धावत आलो. ‘माझा टेंपो इथून गेलाय. तू कोण रे?’